परमभागवत श्रीगोपालभट्ट गोस्वामी

पंचांग चाळताना वर्षातून अनेक वेळा एकादशीच्या दोन नोंदी लागोपाठच्या दिवसांवर दिसतात. पहिल्या दिवसापुढे स्मार्त असे लिहिलेले असते, दुसऱ्यापुढे भागवत किंवा वैष्णव. गृहस्थ आपल्या कुळाच्या रीतीप्रमाणे त्यांतील एक दिवस धरतो, आणि दुसरा दिवस कोणासाठी व कशासाठी, याचा विचार सहसा करीत नाही. हा भेद फार जुना आहे. पुराणांत व स्मृतींत त्याची बीजे विखुरलेली होती. वृंदावनाच्या आश्रयाने वाढलेल्या वैष्णव समाजासाठी ती सर्व वचने एकत्र करून त्यांचा निर्णय ज्या ग्रंथात बांधला गेला तो ग्रंथ म्हणजे हरिभक्तिविलास, आणि त्याचे संकलनकर्ते श्रीगोपालभट्ट गोस्वामी. कावेरीच्या तीरी जन्मलेल्या या द्राविड ब्राह्मणाने यमुनेच्या तीरी देह ठेवला, आणि त्याने सिद्ध केलेला आचारग्रंथ गंगेच्या काठच्या बंगालात शिरोधार्य झाला. असे असूनही वृंदावनच्या सहा गोस्वामींपैकी सर्वांत थोडी माहिती मिळते ती यांच्याविषयीच. त्याला कारण ते स्वतःच होत. ते पुढे येईलच.

कावेरी आणि कोल्लिडम या दोन प्रवाहांमध्ये वसलेले श्रीरंगम् हे श्रीवैष्णवांचे आद्य क्षेत्र. सात प्राकारांच्या आत शेषशायी श्रीरंगनाथ विराजमान आहेत. श्रीरामानुजाचार्यांचे वास्तव्य येथेच झाले आणि त्यांनी घालून दिलेली सेवेची शिस्त शतकानुशतके येथे चालत आली. या क्षेत्राचा सर्वांत मोठा उत्सव एकादशीचाच आहे. धनुर्मासातील शुद्ध एकादशीला, जिला वैकुंठ एकादशी म्हणतात, मंदिराचे परमपदद्वार उघडते आणि उत्सवमूर्ती त्यातून बाहेर येते. या एकादशीच्या आधी दहा दिवस व तिच्यापासून पुढे दहा दिवस आळवारांच्या तमिळ प्रबंधांचे गायन होते. अशा गावात वेंकटभट्ट नावाचे सदाचारसंपन्न वैष्णव ब्राह्मण राहत होते. त्यांचे पुत्र गोपालभट्ट. जन्माचे वर्ष परंपरेत सुमारे १५०३ असे मानतात. ज्याच्या कानावर बाळपणापासून एकादशीच्या पहाटेची वाद्ये पडली, त्याच्या हातून पुढे एकादशीचा निर्णयग्रंथ व्हावा यात नवल वाटण्याचे कारण नाही.

१५१० च्या वैशाखात श्रीचैतन्य महाप्रभू जगन्नाथपुरीहून दक्षिणयात्रेला निघाले. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांनी संन्यास घेतला होता आणि वय अवघे चोवीस वर्षांचे होते. गावोगाव हरिनामाचा घोष करीत ते श्रीरंगमला पोहोचले तेव्हा चातुर्मास येऊन ठेपला होता. पावसाळ्याच्या चार महिन्यांत संन्याशाने एका ठिकाणी राहावे हा शास्त्राचा नियम. वेंकटभट्टांनी त्यांना मोठ्या आदराने घरी आणले, त्यांचे चरण धुऊन ते तीर्थ सर्व कुटुंबासह घेतले आणि चारही महिने आपल्याच घरी राहण्याची विनवणी केली. महाप्रभूंनी ती मान्य केली. वेंकटभट्टांचे बंधू तिरुमल्लभट्ट आणि प्रबोधानंद हेही याच परिवारातले.

त्या चार महिन्यांचा दिनक्रम असा होता. पहाटे कावेरीचे स्नान, त्यानंतर श्रीरंगनाथांचे दर्शन, आणि दर्शनात देहभान हरपून केलेले नृत्य व कीर्तन. क्षेत्रातील ब्राह्मणांनी त्यांना भिक्षेसाठी एकेक दिवस वाटून घेतला होता. चार महिन्यांचे सर्व दिवस संपले, तरी कित्येकांना आपल्या घरी त्यांचे पाय लागण्याचा योग आलाच नाही. दिवस थोडे आणि इच्छुक फार! संन्याशाच्या दृष्टीने चातुर्मास हे एक बंधन आहे. पण त्याच बंधनामुळे एका गावाला चार महिन्यांचा सत्संग लाभला.

याच मुक्कामातील एक प्रसंग गीतेच्या प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. श्रीरंगनाथांच्या मंदिरात एक ब्राह्मण रोज गीतेचे अठराही अध्याय वाचीत बसत असे. त्याचे व्याकरणाचे शिक्षण जेमतेम, त्यामुळे उच्चार अशुद्ध होत. जाणारे-येणारे हसत, काही निंदाही करीत. तो मात्र वाचताना रोमांचित होई, त्याला घाम फुटे आणि डोळ्यांतून अश्रुधारा वाहत. महाप्रभूंनी त्याला विचारले की, कोणता अर्थ मनात येऊन त्याची अशी अवस्था होते. त्याने सांगितले की, अर्थ त्याला कळत नाही. गुरूंनी वाचायला सांगितले म्हणून तो शुद्ध-अशुद्ध जसे येईल तसे वाचतो. परंतु वाचू लागताच अर्जुनाच्या रथावर लगाम हाती घेऊन बसलेले श्यामसुंदर भगवान त्याला दिसतात, अर्जुनाला हिताचा उपदेश करताना दिसतात, आणि जोपर्यंत वाचन चालू असते तोपर्यंत ते दर्शन सुटत नाही. म्हणून त्याला गीता सोडवत नाही. महाप्रभूंनी त्याला हृदयाशी धरले आणि गीतापठणाचा खरा अधिकारी तोच होय असा निर्वाळा दिला. पुढे तो ब्राह्मण चारही महिने त्यांच्या सहवासात राहिला.

वेंकटभट्ट लक्ष्मीनारायणाचे उपासक. त्यांच्याशी महाप्रभूंचे सख्य इतके जुळले की, परिहासातून तत्त्वचर्चा होत असे. भगवंतांच्या वक्षःस्थळी नित्य वसणारी लक्ष्मी श्रीकृष्णाच्या रासलीलेसाठी तप का करते, असा प्रश्न महाप्रभू टाकीत. वेंकटभट्ट उत्तर देत की, नारायण आणि कृष्ण स्वरूपतः एकच. कृष्णात लीलेचे माधुर्य अधिक, इतकेच. या चर्चेत कोणाची उपासना हिणवली गेली नाही. महाप्रभूंच्या जाण्यानंतरही श्रीरंगनाथांची सेवा त्या घरात पूर्ववत चालू राहिली असली पाहिजे, असेच त्या कुटुंबाच्या वृत्तीवरून वाटते.

या मोठ्यांच्या बोलण्याच्या वेळी बाल गोपाल जवळ असे. पाणी देणे, आसन मांडणे, पाय चेपणे ही सेवा त्याच्याकडे होती असे संप्रदायात सांगतात. चातुर्मास संपला आणि महाप्रभू निघाले तेव्हा वेंकटभट्ट काही अंतर त्यांच्या मागोमाग गेले आणि विरह न साहवून मूर्च्छित पडले. मुलालाही बरोबर जायचे होते. महाप्रभूंनी त्याला घरी राहून मातापित्यांची सेवा करण्याची, आणि ते निवर्तल्यावर वृंदावनास जाण्याची आज्ञा केली.

पुढे महाप्रभू रामेश्वर, कन्याकुमारी, उडुपी असे करीत महाराष्ट्रातही आले. पंढरपुरास भीमेचे स्नान व श्रीविठ्ठलाचे दर्शन घेऊन ते राहिले असता श्रीरंगपुरी नावाच्या यतींची भेट झाली, आणि लहानपणी संन्यास घेऊन घर सोडून गेलेले आपले ज्येष्ठ बंधू विश्वरूप, ज्यांचे संन्यासाश्रमातील नाव शंकरारण्य होते, त्यांनी याच क्षेत्री देह ठेवल्याचे त्यांना तेथे कळले.

इकडे श्रीरंगमला गोपालभट्ट आज्ञा पाळीत राहिले. ही आज्ञा ऐकायला सोपी वाटते. तिचा काळ मोजला म्हणजे तिचे वजन कळते. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी घरी काढला. या अवधीत त्यांनी काका प्रबोधानंद यांच्याजवळ वेदान्त, व्याकरण, काव्य यांचे अध्ययन केले; पुढे आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी स्वतःला प्रबोधानंदांचा शिष्य म्हटले आहे. दरवर्षी आषाढ येई, चातुर्मास बसे, कावेरी दुथडी भरे, आणि ज्यांच्या मुक्कामाने तो काळ एकदा धन्य झाला होता ते मात्र परत आले नाहीत. मातापित्यांची सेवा अर्धवट टाकून तीर्थक्षेत्री धावणारे साधक पुष्कळ असतात. गोपालभट्टांनी तसे केले नाही. आईवडिलांचे उत्तरकार्य आटोपल्यावरच, वयाच्या तिशीच्या सुमारास, त्यांनी उत्तरेची वाट धरली.

त्या वेळचे वृंदावन म्हणजे बहुतांशी अरण्यच होते. लुप्त झालेली लीलास्थाने शोधून काढण्याच्या कामी महाप्रभूंनी रूप व सनातन या बंधूंना तेथे पाठविले होते. हे दोघे गौडच्या सुलतान हुसेनशाहाच्या दरबारी मोठ्या अधिकारावर होते. ते वैभव टाकून आता झाडाखाली राहत आणि माधुकरी मागत. त्यांनी गोपालभट्टांना सख्ख्या भावासारखे जवळ केले आणि त्यांच्या आगमनाची वार्ता पुरीस कळविली. परंपरा सांगते की, महाप्रभूंनी वार्ता ऐकून अत्यंत आनंदाने आपले बसावयाचे आसन आणि डोर-कौपीन गोपालभट्टांसाठी पाठवून दिले. गुरूच्या आसनावर बसावे कसे, या संकोचाने ते व्याकूळ झाले. रूप-सनातनांनी समजाविले की, पाठविणाऱ्याची इच्छाच आज्ञा होय. तेव्हा ते त्या आसनाची पूजा करून केवळ आज्ञेपुरते त्यावर बसले. १५३३ च्या आषाढात महाप्रभूंनी लीला संवरण केली. चार महिन्यांचे बालपणीचे सान्निध्य आणि एक आसन, एवढीच गोपालभट्टांच्या वाट्याला आलेली गुरुसंपत्ती. पुनर्दर्शन घडले नाही.

आता ग्रंथाकडे वळू. त्याचे मूळ काशीत आहे. महाप्रभूंनी काशी येथे सनातनांना दोन महिने उपदेश केला, तेव्हा वैष्णवांसाठी स्वतंत्र स्मृतिग्रंथ करण्याची आज्ञा दिली आणि त्यात कोणकोणते विषय यावेत याची सूत्ररूप यादीही सांगितली. एकादशी, जन्माष्टमी, रामनवमी, नृसिंहचतुर्दशी, वामनद्वादशी या तिथींचा विद्ध व अविद्ध असा विचार तीत मुद्दाम घातलेला होता. याची गरज तशीच होती. वृंदावनात बंगाली, उत्कली, द्राविड, पंजाबी, व्रजवासी असे नाना प्रांतांचे भक्त जमत. प्रत्येकाच्या घरची रीत निराळी. एकाच मंदिरात एकाचा उपवास आणि दुसऱ्याचे पारणे एकाच दिवशी येऊ लागले, तर देवाच्या नैवेद्याचे काय करायचे? त्याच शतकात नवद्वीपात रघुनंदन भट्टाचार्य स्मार्त धर्माचे अठ्ठावीस तत्त्वग्रंथ रचीत होते आणि त्यांत एकादशीवर एक स्वतंत्र ग्रंथ होता. वैष्णवांचा निर्णय शास्त्राधाराने मांडला गेला नसता, तर तो केवळ काही लोकांचा हट्ट समजला गेला असता.

ग्रंथाच्या आरंभी संकलक म्हणून नाव गोपालभट्टांचे आहे. जीव गोस्वामी व कृष्णदास कविराज यांनी मात्र तो सनातनांच्या ग्रंथांत मोजला आहे. त्यावरील दिग्दर्शिनी टीकाही सनातनांचीच समजतात. विद्वानांनी यावर पुष्कळ चर्चा केली आहे. संप्रदायातील प्राचीन समजूत अशी की, यवन राजाच्या चाकरीत राहिल्यामुळे सनातन स्वतःला पतित मानीत आणि आचाराच्या ग्रंथावर आपले नाव घालणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. कर्मठ समाजानेही त्या नावामुळे ग्रंथ दूर सारला असता. श्रोत्रिय कुळातील आणि शास्त्रात पारंगत असे गोपालभट्ट तेथे होते. दोघांनी मिळून काम केले, आणि समाजाने जे नाव निःशंकपणे स्वीकारले असते ते नाव पुढे ठेवले गेले. ही समजूत खरी धरली, तर आपले नाव न घालणारा आणि दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव पडू देणारा, या दोघांपैकी अधिक त्याग कोणाचा हे ठरविणे कठीण आहे. मानाची हाव असलेल्या माणसाला पहिले जमणार नाही, आणि मान नकोसा झालेल्याला दुसरे फार जड जाईल.

वीस विलासांच्या या ग्रंथात गुरूच्या आश्रयापासून मंदिर बांधण्याच्या विधीपर्यंत सर्व विषय आले आहेत. त्यातील बारावा विलास एकादशीचा आणि तेरावा महाद्वादशींचा. तेथील निर्णय समजून घेण्यास तिथीचे गणित थोडे ध्यानात घ्यावे लागते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला म्हणजे एक तिथी होते. चंद्राची गती कमी-अधिक होत असल्याने तिथी कधी सुमारे २० तासांची, तर कधी २६ तासांहूनही थोडी अधिक असते. ती सूर्योदयाशी बांधलेली नाही. दिवसाच्या वा रात्रीच्या कोणत्याही क्षणी ती बदलते. म्हणून दशमी केव्हा संपली हा प्रश्न उभा राहतो.

सूर्योदयाच्या वेळी एकादशी असली म्हणजे स्मार्तांना पुरे होते. वैष्णवांचा नियम याहून कडक आहे. सूर्योदयापूर्वीच्या ४ घटिका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदयाचा काळ. या काळात दशमीचा लवलेश जरी असला, तरी ती एकादशी दशमीविद्ध झाली आणि उपवासास वर्ज्य ठरली. उपवास द्वादशीला करावा. समजा, सूर्योदय ६ वाजता आहे. तर अरुणोदय ४ वाजून २४ मिनिटांनी सुरू झाला. दशमी ४ वाजून २० मिनिटांनी संपली असेल, तर दोघांचाही उपवास त्याच दिवशी. ती ४ वाजून ३० मिनिटांनी संपली, तर स्मार्ताचा उपवास आज आणि वैष्णवाचा उद्या. निंबार्क संप्रदाय तर याहून पुढे जाऊन मध्यरात्रीनंतर दशमी उरली तरी वेध मानतो. दहा मिनिटांसाठी एवढा कटाक्ष कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पहाटेचा तो प्रहर हरिस्मरणाचा आणि मंगल आरतीचा. व्रताचा दिवस वैष्णवाच्या लेखी तेथेच सुरू होतो, मग व्रताचा आरंभच दुसऱ्या तिथीत कसा व्हावा, हा या निर्णयामागचा विचार आहे.

महाद्वादशी आठ. उन्मीलनी, व्यंजुली, त्रिस्पृशा आणि पक्षवर्धिनी या तिथींच्या वाढीमुळे वा क्षयामुळे होतात. जया, विजया, जयंती आणि पापनाशिनी या शुद्ध द्वादशीला अनुक्रमे पुनर्वसू, श्रवण, रोहिणी व पुष्य या नक्षत्रांचा विहित योग आला म्हणजे होतात. अशा वेळी एकादशी शुद्ध असली तरी उपवास द्वादशीचा. जन्माष्टमीच्या बाबतीतही सप्तमीने विद्ध झालेली अष्टमी सोडून नवमीयुक्त अष्टमी घ्यावी असा निर्णय आहे, आणि उत्तरेत काही वर्षी जन्माष्टमी दोन दिवस दिसते ती यामुळेच.

गृहस्थांच्या दृष्टीने या प्रकरणातील दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. काही स्मृतिवचनांच्या आधारे असे मानले जाई की, पुत्रवान गृहस्थाने वद्य पक्षातील एकादशीचा उपवास करू नये. हरिभक्तिविलासाने वैष्णव गृहस्थासाठी दोन्ही पक्षांच्या एकादशी समान ठरविल्या, आणि आठ वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंत सर्व वर्णांच्या स्त्रीपुरुषांना व्रताचा अधिकार सांगितला. दुसरी गोष्ट करुणेची. ज्याला निराहार राहवत नाही त्याच्यासाठी पाणी, कंदमुळे, फळे, दूध, तूप यांची मोकळीक पूर्वग्रंथांच्या आधाराने नोंदविली. औषधाने आणि गुरूच्या वचनानेही व्रतभंग होत नाही असे सांगितले. तिथीच्या बाबतीत मिनिटांचा हिशेब करणारा हा ग्रंथ आजारी माणसाच्या बाबतीत किती मऊ होतो! शाळिग्रामपूजेचा प्रश्नही तसाच आहे. दीक्षा घेतलेल्या स्त्रियांना व शूद्रांनाही तो अधिकार आहे असा निर्णय पाचव्या विलासात दिला आहे. सोळाव्या शतकातील एका श्रोत्रिय ब्राह्मणाच्या नावावरील ग्रंथात हे यावे याची नोंद घेतली पाहिजे.

शेवटच्या विलासात मात्र ग्रंथकार एक गोष्ट स्पष्ट करतात. ही सारी कृत्ये बहुतांशी साधनसंपन्न गृहस्थांसाठी लिहिली आहेत. सर्व परिग्रह टाकलेल्या एकांतभक्तांसाठी नव्हेत. त्यांना कीर्तन आणि स्मरण हेच मुख्य. म्हणजे ज्यांनी हे सहस्रावधी श्लोकांचे संकलन केले ते स्वतः झाडाखाली राहणारे होते, आणि त्यांनी ते केले ते घरादारात, मुलाबाळांत, व्यवहारात गुंतलेल्यांसाठी.

ग्रंथलेखनाच्या या काळातच गोपालभट्टांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध घटना घडली. नेपाळात गंडकी नदीत स्नान करताना त्यांच्या पात्रात शाळिग्राम शिळा आल्या. त्यांनी त्या पुन्हा प्रवाहात सोडल्या, तरी त्या परत आल्या. तेव्हा भगवंतांची इच्छा मानून बारा शिळा त्यांनी वृंदावनास आणल्या आणि त्यांची सेवा सुरू केली. निष्कांचन साधूचे देवघर ते किती मोठे असणार! कोठे स्थिर मंदिर नाही. शिळा जवळ बाळगून फिरायचे आणि तुळस-पाणी वाहायचे.

एकदा एका धनिकाने वृंदावनातील विग्रहांसाठी वस्त्रे व अलंकार आणून वाटले. गोपालभट्टांनाही दिले. इतरांचे देव त्या वस्त्रांनी नटले. शाळिग्रामाला हात नाहीत, पाय नाहीत, मस्तक नाही. मुकुट ठेवावा कोठे आणि बासरी द्यावी कोणाच्या हाती? तो दिवस वैशाख शुद्ध चतुर्दशीचा, नृसिंहजयंतीचा होता. प्रल्हादाच्या एका शब्दासाठी भगवंत खांबातून प्रकटले, ही कथा त्या संध्याकाळी मनात येणारच. त्यांच्या अंतःकरणात एक हुरहुर उठली की, आपल्याही प्रभूचा शृंगार आपल्या हातांनी करायला मिळाला असता तर! मागणे म्हणून ते त्यांनी उच्चारले नाही. शिळा करंडीत झाकून ठेवून त्यांनी रात्र काढली. पौर्णिमेच्या पहाटे स्नान करून झाकण उघडतात तो दामोदर शिळेच्या ठिकाणी त्रिभंगी उभे राहिलेले, वेणू धरलेले श्रीकृष्णाचे सुंदर रूप! रूप, सनातन आदी सर्व धावत आले. अभिषेक झाला आणि नाव ठेवले गेले श्रीराधारमण. हे वर्ष विक्रम संवत् १५९९, इसवी सन १५४२ असे मानतात.

सुमारे एक फूट उंचीचा हा विग्रह वृंदावनातील राधारमण मंदिरात आजही आहे. डाव्या बाजूला श्रीराधेची मूर्ती नाही. तिच्या जागी गादीवर मुकुट ठेवून सेवा होते. मंदिराच्या स्वयंपाकघरातील अग्नी त्या काळापासून विझू दिलेला नाही असे सेवेकरी सांगतात. औरंगजेबाच्या कारकीर्दीत मंदिरांवर संकट आले तेव्हा गोविंददेव, गोपीनाथ, मदनमोहन हे व्रजातील मोठे विग्रह राजस्थानात नेले गेले. राधारमण वृंदावनातच राहिले. दर वैशाखी पौर्णिमेला त्यांचा प्राकट्योत्सव होतो व पंचामृताचा महाभिषेक होतो. महाप्रभूंनी पाठविलेले ते आसनही याच मंदिरात जपून ठेवले आहे.

उत्तरायुष्याविषयी थोडक्यात सांगता येईल. भागवताच्या सिद्धान्ताची मांडणी करणारा एक ग्रंथ त्यांनी आरंभिला होता. त्याचा काही भाग क्रमाने, काही क्रम सोडून, काही तुटक असा राहिला होता. जीव गोस्वामींनी तो व्यवस्थित लावून षट्संदर्भ रचले, आणि आरंभीच दक्षिण देशीच्या भट्टांचे ऋण मान्य केले. येथेही गोपालभट्टांचे नाव आडून येते. बंगालातून आलेल्या श्रीनिवासाचार्यांना त्यांनी दीक्षा दिली. श्रीनिवास, नरोत्तम आणि श्यामानंद हे तिघे वृंदावनातील हस्तलिखिते पेट्यांत भरून गौडदेशी निघाले असता विष्णुपूरच्या वीर हंबीर राजाच्या माणसांनी धन समजून त्या पेट्या लुटल्या. त्या शोधीत श्रीनिवास राजसभेत पोहोचले, त्यांचे भागवतनिरूपण ऐकून राजा शरण आला आणि ग्रंथ परत मिळाले. हरिभक्तिविलासातील तिथिनिर्णय बंगालच्या घराघरांत पोहोचले ते या शिष्यपरंपरेतून.

सेवेची पुढची व्यवस्था त्यांनी सहारनपूरजवळच्या देवबंदच्या एका ब्राह्मण कुळाकडे दिली. त्या कुळातील गोपीनाथदास त्यांचे शिष्य होऊन आजन्म ब्रह्मचारी राहिले, आणि त्यांनी आपले बंधू दामोदरदास यांना सहकुटुंब बोलावून राधारमणाची सेवा सोपविली. दामोदरदासांचे वंशज गोस्वामी आजतागायत ती सेवा करतात. विरक्ताच्या देवाची पूजा अशी गृहस्थांच्या हाती आली.

वृंदावनात कृष्णदास कविराज महाप्रभूंचे बृहच्चरित्र लिहावयास बसले तेव्हा त्यांनी सर्व गोस्वामींचे आशीर्वाद मागितले. गोपालभट्टांनी आशीर्वाद दिला, परंतु ग्रंथात आपली कथा येऊ नये असे सांगितले, असे परंपरा सांगते. कविराजांनी ते पाळले. श्रीरंगमच्या त्या चातुर्मासाचे वर्णन त्यांनी विस्ताराने केले. कावेरीचे स्नान, गीतेचा ब्राह्मण, वेंकटभट्टांचा परिहास, त्यांची मूर्च्छा, सर्व काही त्यात आहे. पाणी घेऊन उभा असलेला तो मुलगा तेवढा त्यात नाही. त्याची हकीकत पुढील काळातील भक्तिरत्नाकरासारख्या ग्रंथांतून मिळवावी लागते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोपालभट्टांनी वृंदावनात देह ठेवला. समाधी राधारमण मंदिराच्या आवारातच आहे. त्यांची पुण्यतिथी उत्तरेकडील पंचांगात श्रावण वद्य पंचमी अशी लिहिलेली असते; तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत अमावास्येला महिना संपत असल्याने तोच दिवस आषाढ वद्य पंचमी होतो. आषाढी एकादशीला चातुर्मास बसल्यानंतर पंधरवड्याच्या आतच तो येतो.